गाडीतला इन्व्हर्टर : खोक्याआधी वायर पाहा

आपल्या वस्त्यांतून चारचाकीवर पोट भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कुणाचा छोटा हत्ती आहे, कुणाची जुनी व्हॅन आहे. दिवसा मालाची ने-आण करायची आणि संध्याकाळी त्याच गाडीचा फाळका पाडून वडापाव, भुर्जीपाव विकायचा, असे दुहेरी काम नवरा-बायको मिळून करतात. कुणी आठवडी बाजाराच्या दिवशी गाडीत शिलाई मशीन ठेवून गावोगाव फिरतो. कुणी लग्नकार्याला आणि सभांना लाऊडस्पीकर भाड्याने देतो. या सर्वांना वीज लागते आणि रस्त्यावर वीज नसते. मग एके दिवशी बाजारातून एक पत्र्याचे खोके घरी येते. त्याला दोन जाड वायरी, दोन चिमटे आणि समोर घरातल्यासारखे प्लगचे सॉकेट असते. दुकानदार सांगतो, "बॅटरीला चिमटे लावा, झाले काम!"

काम होते हे खरे. परंतु कसे होते आणि किती दिवस होते, हा प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी कर्जाची असते. गाडीला आग लागली तर गाडी जाते, धंदा जातो आणि हप्ता मात्र राहतो. म्हणून या खोक्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण बी.कॉम. आहे, वायरमनचे नाही. तरीपण वस्तीतील आयटीआय झालेल्या बांधवांकडे बसून हा विषय समजून घेतला आणि आकडेमोड मात्र स्वतः केली. आकडेमोड हे आम्हा कारकुनांचे रोजचे काम. आणि गंमत अशी की, गाडीतला इन्व्हर्टर हा निम्मा आकडेमोडीचाच विषय आहे.

गाडीच्या बॅटरीतून १२ व्होल्टची डीसी वीज मिळते. इन्व्हर्टर तिचे रूपांतर घरातल्यासारख्या २३० व्होल्ट, ५० सायकलच्या एसी विजेत करतो. म्हणजे खोक्याच्या दोन बाजू झाल्या. बॅटरीकडच्या बाजूला व्होल्ट कमी, पण करंट फार मोठा. तेथे भीती आगीची. सॉकेटच्या बाजूला करंट थोडा, पण व्होल्ट २३०. तेथे भीती शॉकची. "बॅटरीवर चालते, त्याने काय होणार?" असे म्हणणारे लोक ही दुसरी बाजू विसरतात. त्या सॉकेटमध्ये घरच्या भिंतीतल्या सॉकेटइतकेच मरण आहे.

आता हिशेब पाहू. खोक्यावर ३०० वॅट लिहिले आहे असे धरू. ३०० ला १२ ने भागले की २५ येतात. म्हणजे २५ अँपिअर. त्यात खोके स्वतः दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत घालवते. म्हणून पूर्ण भार टाकला तर बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर निघतात. घरात हाच ३०० वॅटचा भार असता तर जेमतेम सव्वा अँपिअर लागले असते. घरातल्या वायरीचा अंदाज गाडीत चालत नाही तो याच कारणाने.

आणि येथेच बहुतेकांचे चुकते. बॅटरी पुढे, खोके मागे. मग घरात उरलेली वायर जोडून लांबी वाढवायची. घरच्या सॉकेटला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची वायर साधारण २० अँपिअरची असते. तिच्यातून ३० अँपिअर नेले तर ती तापणार हे उघड आहे. शिवाय दुसरे नुकसान आहे, ते मला हिशेब करताना कळले. बॅटरीपासून खोके ३ मीटर लांब असेल तर वायर जाऊन-येऊन ६ मीटर होते. इतक्या लांबीत अडीचच्या वायरीवर ३० अँपिअरला सव्वा व्होल्टपेक्षा जास्त वाया जातो. बॅटरी १२.४ व्होल्ट देत असेल तर खोक्यापर्यंत ११ च्या आसपास पोचतात. खोके कुरकुर करू लागते, मालक म्हणतो बॅटरी गेली आणि नवी बॅटरी विकत आणतो. बिचाऱ्या बॅटरीचा काहीच दोष नसतो. आणि तो सव्वा व्होल्ट जातो कोठे? सुमारे ४० वॅटची उष्णता होऊन त्या वायरीतच राहतो. म्हणजे गादीखालून, डिझेलच्या पाइपाशेजारून एक सोल्डरिंगची कापी पेटती ठेवल्यासारखे झाले. तीच वायर १० स्क्वेअर एमएमची तांब्याची घेतली तर नुकसान पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत येते.

तेव्हा ३०० वॅटच्या खोक्याला १० स्क्वेअर एमएम आणि ६०० वॅटच्या खोक्याला २५ स्क्वेअर एमएम, बारीक तारांची लवचिक तांब्याची वायर घ्यावी. लांबी जितकी कमी तितके बरे. लांबवायचेच असेल तर २३० व्होल्टकडची वायर लांबवावी, बॅटरीकडची नव्हे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही मिळते. ती दिसते जाड, पण वाहते कमी. चाकूने एक तार खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. वायरीच्या टोकांना थिंबल दाबून घ्यावे. तारा नुसत्या पिळून नटाखाली दाबू नयेत. खोक्याबरोबर येणारे चिमटे हे तपासणीपुरते, घटकाभराच्या कामापुरते ठीक. धावत्या गाडीत चिमटा हलतो, ठिणगी पडते आणि एखाद्या खड्ड्यात निसटून बॉडीला लागतो.

लायटरच्या सॉकेटमधून किती घ्यावे, हेही याच हिशेबात बसते. त्या सॉकेटचा फ्यूज गाडीप्रमाणे १० ते २० अँपिअरचा असतो. म्हणून तेथे १०० ते १२० वॅटच्या वरचे काही लावू नये. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी मोठा फ्यूज, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे, हे प्रकार बंद झाले पाहिजेत. फ्यूज उडतो तो आपल्याला त्रास द्यायला उडत नाही.

फ्यूज कोठे हवा?

खोक्याच्या आत फ्यूज असतोच, मग आणखी कशाला, असे कित्येकजण विचारतात. खोक्यातला फ्यूज खोक्याला वाचवतो. पण बॅटरीपासून खोक्यापर्यंतची वायर मध्येच कोठे पत्र्याला घासून सोलली गेली तर? गाडीची संपूर्ण बॉडी मायनस असते. प्लसची सोललेली वायर बॉडीला टेकली की शॉर्ट झाला. जी बॅटरी सेल्फ मारताना शे-दोनशे अँपिअर देते, ती शॉर्टमध्ये त्याहून कितीतरी जास्त देते. वायर काही सेकंदांत लाल होते. खोक्यातला फ्यूज तेव्हा पुढेच राहतो, त्याला बातमीही लागत नाही.

म्हणून फ्यूज प्लसच्या वायरीत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ३०० वॅटच्या खोक्याला आणि १० एमएमच्या वायरीला ४० अँपिअरचा, ६०० वॅटला आणि २५ एमएमच्या वायरीला ८० अँपिअरचा. तो खोक्याच्या पूर्ण भारापेक्षा थोडा मोठा आणि वायरीच्या ताकदीपेक्षा लहान असावा. घेताना गाडीचा डीसी फ्यूजच मागावा. घरातल्या मीटरबोर्डाचा एमसीबी काढून येथे बसवू नये, तो या कामाचा नाही. वायर पत्र्यातून जेथे आरपार जाते तेथे रबरी वॉशर घालावा आणि वायरीवर नळी चढवावी. सायलेन्सर, डिझेलचा पाइप आणि स्टिअरिंगचे सांधे यांपासून ती दूर बांधावी. या सगळ्याला होणारा खर्च एका चांगल्या जेवणाइतका आहे. आग विझवायचे लहान पावडरचे नळकांडे मात्र वेगळे घ्यावे आणि ते ड्रायव्हरच्या हाताशी असावे, मालाच्या खाली नव्हे.

गाडी किती व्होल्टची?

जोडणीपूर्वी हे विचारायलाच हवे. कार, जीप, छोटे टेम्पो १२ व्होल्टचे असतात. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टच्या असतात; त्यांत १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. १२ व्होल्टचे खोके २४ ला लावले की ते जाते. यावर काही ड्रायव्हर बंधू युक्ती काढतात आणि दोनपैकी एकाच बॅटरीवर खोके लावतात. खोके चालते, परंतु एक बॅटरी रोज उपाशी आणि दुसरी रोज अजीर्ण झालेली, असे होऊन दोन्ही लवकर जातात. ई-रिक्षातही तेच. तेथे चार-पाच बॅटऱ्यांची माळ असते. त्यातल्या एकीला चिमटे लावून स्पीकर वाजवू नये. २४ व्होल्टचे खोके वेगळे मिळते, ते घ्यावे.

त्याहीपूर्वीचा प्रश्न म्हणजे इन्व्हर्टर खरोखर लागतो का? मोबाइल चार्ज करायला लागत नाही. गाडीत लावायचा १२ व्होल्टचा चार्जर पुरतो. उजेडासाठी लागत नाही. १२ व्होल्टचे एलईडी दिवे थेट बॅटरीवर, छोटा फ्यूज घालून चालतात. सभांना वापरतात त्या अनेक अँप्लिफायरना मागच्या बाजूला १२ व्होल्टची जोडणी दिलेलीच असते, पण ती कोणी पाहत नाही. बारा व्होल्टचे २३० करायचे आणि अँप्लिफायरने आत त्याचे पुन्हा कमी व्होल्ट करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रत्येक वेळी वीज वाया जाते. मिक्सर, शिलाई मशीनची मोटर, बिलाचे यंत्र अशा वस्तूंना मात्र खोके हवेच.

मोटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मोटर सुरू होताना क्षणभर आपल्या वॅटच्या कित्येक पट ओढते. मिक्सरवर ५०० वॅट लिहिले आहे म्हणून ५०० चे खोके पुरेल, असे होत नाही; ते ओरडून बंद पडते. मोटरसाठी निदान दुप्पट-तिप्पट क्षमतेचे खोके धरावे लागते आणि मग वायरीचा हिशेब त्या मोठ्या खोक्याप्रमाणे बदलतो. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शनची शेगडी या हजार-दीड हजार वॅटच्या वस्तू आहेत. त्यांचा विचार सोडून द्यावा.

खोकी दोन जातींची असतात. एक स्वस्त, जिची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते; दुसरी महाग, प्युअर साइन वेव्ह म्हणतात ती, घरासारखी. स्वस्त खोक्यावर साधे बल्ब आणि बरेचसे चार्जर चालतात. पंखा व मोटर घुमतात, तापतात. आजारी माणसाचे उपकरण लावायचे असेल तर साइन वेव्हच घ्यावे. पाच लिटरचे ऑक्सिजन काढणारे यंत्र ३०० ते ३५० वॅट घेते. गावाहून शहराच्या इस्पितळात रुग्ण नेताना लोक ते गाडीत लावू पाहतात. त्या भरवशावर सिलिंडर घरी ठेवून निघू नये. खोक्याने घाटात मान टाकली तर तेथे कोण येणार आहे?

जोडणी

जोडताना गाडी बंद, किल्ली काढलेली, खोक्याचे बटण बंद. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. भगिनी हे काम करीत असतील तर बांगड्याही. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरे. पण पाना प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये आडवा पडला तर तो जागेवर चिकटतो आणि लाल होतो. मध्ये अंगठी असेल तर बोट भाजते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. तेथे बिडी नको, काडी नको. बॅटरीतले ॲसिड डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धूत राहून ताबडतोब दवाखाना गाठावा.

क्रम असा. आधी बॅटरीचा मायनस सोडवायचा. कारण मायनस निघाला की पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. मग प्लसला फ्यूजसह नवी वायर जोडायची. फ्यूजची पट्टी अजून घालायची नाही. खोक्याकडे प्लस-मायनस जोडताना वायरीचा रंग आणि मीटर दोन्ही पाहायचे. केवळ रंगावर विसंबू नये. जुन्या गाड्यांत मागच्या मिस्त्रीने काळी वायर प्लसला लावलेली सापडते. उलटसुलट झाले तर बहुतेक खोकी त्याच क्षणी निकामी होतात आणि त्याची गॅरंटी कोणी देत नाही. मग बॅटरीचा मायनस पुन्हा जोडायचा आणि सर्वात शेवटी फ्यूज घालायचा. तेव्हा एक बारीक ठिणगी उडते, ती खोक्यातले कपॅसिटर भरण्याची असते, घाबरू नये. फ्यूज-होल्डर वीतभर वायरीवर बॅटरीच्या थोडा बाजूला ठेवायचा तो यासाठीही. झाकण उघडून, वारा खेळू देऊन हे काम करावे.

खोके सीटखाली कोंबू नये. त्याचा पंखा मोकळा राहील, पाणी उडणार नाही आणि कुणी चादर टाकणार नाही, अशा जागी ते स्क्रूने आवळावे. खाद्यपदार्थांच्या गाड्यांना येथे विशेष सांगायचे आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर गाडीच्या तळाशी साचतो. खोक्यात आणि फ्यूजमध्ये ठिणगी होऊ शकते. म्हणून सिलिंडर एका टोकाला आणि खोके दुसऱ्या टोकाला, तेही उंचावर. सिलिंडरच्या बाजूला तळाशी हवा जाईल अशी भोके असावीत.

तपासणी

जोडले आणि मिक्सर लावला, असे करू नये. घरचा कोणी एक माणूस आणि एक साधा मल्टिमीटर घेऊन तासभर बसावे.

प्रथम काहीही न लावता खोके चालू करावे. हिरवा दिवा लागला, आवाज नाही, वास नाही, तर बॅटरीवर आणि खोक्याच्या खुंटांवर व्होल्ट पाहावेत. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. मग मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून सॉकेट मोजावे. मीटरच्या टोकांचे प्लास्टिक फाटलेले नसावे आणि एक हात मोकळा ठेवावा. येथे बरेच लोक फसतात. पायऱ्यांच्या विजेवर साधा मीटर २३० ऐवजी १८० च्या आसपास दाखवतो. खोके खराब नसते. साधा मीटर गोलाकार लाटेसाठी बनवलेला असल्याने तो कमी वाचतो. ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर बरोबर आकडा दाखवतो. तसेच खिशातल्या टेस्टरवरही विसंबू नये. अनेक छोट्या खोक्यांत न्यूट्रल म्हणून काही नसतेच. टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटतो किंवा कोठेच पेटत नाही. पेटला नाही म्हणजे वीज नाही, असा अर्थ काढून बोट लावले तर अनर्थ होईल. सॉकेटची एक बाजू बॉडीला जोडून "अर्थिंग" करण्याचा उद्योगही करू नये. अर्थिंगसाठी खोक्यावर वेगळा नट असतो, तो बॉडीला जोडावा.

नंतर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून दहा मिनिटे ठेवावा. मग तसेच आणखी एक-दोन बल्ब. प्रत्येक वेळी बॅटरीवरचे व्होल्ट आणि खोक्यावरचे व्होल्ट लिहून घ्यावेत. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर वायर बारीक आहे किंवा कोठेतरी नट सैल आहे. मग खोके बंद करून, हाताच्या मागच्या बाजूने फ्यूज, थिंबल, वायर चाचपावी. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ती जोडणी उघडून पुन्हा करावी. सगळे नीट असेल तरच शेवटी आपली वस्तू लावावी आणि ती तीन-चार वेळा चालू-बंद करून पाहावी.

आता इंजिन बंद ठेवून किती वेळ चालेल, हे पाहायचे. गाडीची बॅटरी म्हणजे पासबुक समजा. स्वस्थ पडलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी शिल्लक, १२ च्या खाली म्हणजे खडखडाट. ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून ३० अँपिअर काढले तर कागदावर दोन तास दिसतात. प्रत्यक्षात भार मोठा असला की तितकेही मिळत नाहीत आणि तासाभरातच सेल्फ मारण्यापुरती शिल्लक राहील की नाही, अशी स्थिती येते. खोके साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास ओरडते, म्हणून आपण निश्चिंत असतो. त्या ओरडण्याने फक्त खोके वाचते. तोवर गाडी ढकलस्टार्टची झालेली असते. सेल्फची बॅटरी अशी वारंवार रिकामी होण्यासाठी बनवलेलीच नसते. भार चालू असताना मीटर ११.८ ला आला की थांबावे, असे माझे मत आहे. रोज दोन-तीन तासांचा धंदा असेल तर वेगळी ट्यूब्युलर बॅटरी ठेवावी आणि गाडी चालताना ती चार्ज होईल, थांबल्यावर मूळ बॅटरीपासून तुटेल, असा रिले जाणकाराकडून बसवून घ्यावा. लिथियमची बॅटरी मात्र थेट गाडीच्या अल्टरनेटरला जोडू नये.

इंजिन चालू ठेवून वीज घेणे हा काहींचा उपाय असतो. अल्टरनेटर नुसत्या मंद इंजिनावर आपल्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली देतो, त्यामुळे भार मोठा असेल तर इंजिन चालू असूनही बॅटरी उतरत राहते. डिझेल जळते ते वेगळेच. परंतु खरा धोका धुराचा आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, विजयादशमीला दीक्षाभूमीला आपले लोक टेम्पो-जीपमधून दूरदूरून येतात, रात्री गाडीतच मुलाबाळांसह झोपतात. थंडी म्हणून काचा बंद, ताडपत्री बंद आणि मोबाइल चार्ज करायला इंजिन चालू, हे दृश्य कोठेही दिसले तर त्या ड्रायव्हरला उठवून इंजिन बंद करायला सांगावे. वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नये. बंद शेडमध्ये, भिंतीला सायलेन्सर टेकवून उभ्या केलेल्या गाडीतही तेच.

घराला वीज देण्याचा वेडेपणा

वीज गेली की काहीजण गाडीतल्या खोक्यातून वायर काढतात, तिच्या दोन्ही टोकांना पिना लावतात आणि घरातल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. घरात पंखा फिरतो आणि शेजारी कौतुक करतात. अशा वायरीची एक पिन सॉकेटातून निसटली तर तिचे दोन उघडे पितळी दांडे २३० व्होल्ट घेऊन जमिनीवर पडतात. घरात रांगते मूल असेल तर काय होईल, ते लिहायला नको. याशिवाय मेन स्विच चालू राहिला तर हीच वीज उलट खांबावर जाते. जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे २३० करतो, तो उलट्या बाजूने २३० चे ११ हजार करतो. वर तारेला हात घालणारा माणूस लाइन बंद आहे या भरवशावर असतो. तो बहुधा कंत्राटी लाइनमन असतो, कुठल्यातरी वस्तीतलाच, आपल्यासारख्याच घरचा. घरात वीज हवी असेल तर खोक्याच्या सॉकेटमधून चांगली एक्स्टेन्शन आणावी आणि तिच्यावर थेट दिवा किंवा पंखा लावावा. भिंतीतल्या वायरिंगला हात लावू नये.

जोडणी झाल्यावरही महिन्यातून एकदा नट आवळून पाहावेत, कारण आपल्या रस्त्यांवर काहीही सैल होते. बॅटरीच्या खुंटांवर आलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवावी, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पावसाळ्यात खोके भिजले तर वाळेपर्यंत ते चालू करू नये. आधी फ्यूज काढावा. आणि गाडीवर घरची मंडळी आळीपाळीने उभी राहत असतील तर खोक्याच्या वर एक कागद चिकटवावा. त्यावर काय लावायचे, काय लावायचे नाही, कोणत्या आकड्याला बंद करायचे आणि वास आला तर फ्यूज कोठून ओढायचा, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे. खोक्याबरोबर येणारे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि तेलाच्या हातांनी दोन दिवसांत वाचण्याजोगे राहत नाही. कागदावर चिकटपट्टी लावली तर तो निदान पावसाळ्यापर्यंत टिकतो. नंतर मुलांकडून नवा लिहून घ्यावा.